प्रश्न तुमचे, उत्तर कार्यशाळेचं : आतला पॅड संपला, बाहेरचा शाबूत

प्रश्न : माझी गाडी चौदा वर्षं जुनी आहे. पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेकपॅड पत्र्यापर्यंत झिजला, पण त्याच चाकाचा बाहेरचा पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. उजवीकडचे दोन्ही पॅड एकसारखे झिजलेत. वर्षभरापूर्वीच चारही पॅड नवे टाकले होते. पॅड हलक्या प्रतीचे निघाले का?

उत्तर : नाही. पॅड हलके असते तर चारही लवकर संपले असते. एकच संपला, म्हणजे दोष त्याला धरणाऱ्या कॅलिपरमध्ये आहे. तो न शोधता नवा संच बसवलात तर पुढच्या वर्षी हाच प्रश्न पुन्हा येईल. म्हणून जुने पॅड टाकून देऊ नका. कोणता कुठे होता ते खडूने लिहून ठेवा.

तुमच्या गाडीत बहुधा सरकता कॅलिपर आहे. त्यात पिस्टन आतल्या बाजूलाच असतो. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने कॅलिपर दोन गाईड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही आणि जवळजवळ सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. दुसरी शक्यता, पिस्टन मागे येत नाही आणि आतला पॅड डिस्कला घासतच राहतो. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा एक-दोन मिलिमीटर जास्त झिजणं अशा कॅलिपरमध्ये नेहमीचंच आहे. तुमचा फरक त्याच्या फार पुढचा आहे.

गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना उटी लावा, पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर काम करू नका. पेडल चार-पाच वेळा दाबून सोडा आणि चाक हाताने फिरवा. हलकी घासट ऐकू आली तर हरकत नाही, पण जोर लावावा लागत असेल तर ब्लीडर निपलला (कॅलिपरवरचा, फ्लुइड आणि हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) नळी लावून ती बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. चाक लगेच मोकळं झालं तर दाब अडकलेला आहे. कॅलिपरपर्यंत ब्रेक फ्लुइड नेणारा जुना रबरी होज बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगून झडपेसारखा वागतो : फ्लुइड जाऊ देतो, परत येऊ देत नाही. मात्र अडकलेला दाब दोन्ही पॅडना दाबून धरतो. तुमचा बाहेरचा पॅड चांगला आहे, त्यामुळे एकट्या होजवर आमचा संशय कमी आहे. निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर अडचण कॅलिपरमध्येच.

आता निपल बंद करा आणि कॅलिपर खोला. तो तारेने टांगून ठेवा, होजवर लोंबकळू देऊ नका. दोन्ही पिना बोटांनी आतबाहेर करून पाहा. एक सरकते आणि दुसरी हलत नाही, हे जुन्या गाडीत सर्रास दिसतं. अडकलेली पीन फिरवत फिरवत काढा. तिच्यावर तपकिरी गंज आणि वाळलेलं ग्रीस असेल, आणि तिचं रबरी बूट बहुतेक चिरलेलं असेल, तिथूनच पाणी शिरलेलं असतं. पीन आणि तिचं भोक ब्रेक क्लीनरने स्वच्छ करा. पिनेवर खड्डे पडले असतील तर ती बदला. बूट नवंच घाला.

ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचंच हवं. बेअरिंगचं साधं ग्रीस रबर फुगवतं, आणि नीट झालेली पीन काही महिन्यांत पुन्हा अडकते. थर पातळ ठेवा. भोक गच्च भरलं तर आत हवा कोंडते आणि पीन मागे ढकलली जाते. बऱ्याच गाड्यांत दोन्ही पिना वेगळ्या असतात, एकीवर रबरी बुश असतो. त्यांची अदलाबदल करू नका.

पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथली स्टीलची क्लिप काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने घासा. गंज क्लिपला वर उचलतो आणि पॅड चिमटला जातो. नवा पॅड बोटाने ढकलल्यावर सरकला पाहिजे.

शेवटी पिस्टन. निपल सैल करून सी-क्लॅम्पने तो हळू मागे दाबा. जुनं, गढूळ फ्लुइड बाटलीत येईल, एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या) यंत्रणेकडे उलटं जाणार नाही. निपल मोकळं असूनही पिस्टन अडखळत जात असेल तर तो बाहेर काढावा लागेल. त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सील किट पुरे. खड्डे असतील तर पिस्टन किंवा अख्खा कॅलिपर बदला, घासून गुळगुळीत करू नका. पिस्टनला मागे ओढण्याचं काम चौकोनी छेदाचं सीलच करतं, आणि खड्ड्यांवर ते टिकत नाही.

प्रश्न : मागच्या डिस्कचा पिस्टन क्लॅम्पने दाबला तरी आत जात नाही. जाम झाला असेल का?

उत्तर : आधी हँडब्रेक पूर्ण सोडा. हँडब्रेकची यंत्रणा कॅलिपरमध्येच असेल तर बहुतेक गाड्यांत पिस्टन दाबत फिरवावा लागतो. पिस्टनच्या तोंडावर खाचा दिसल्या तर तसाच समजा. क्लॅम्पचा जोर लावाल तर आतला स्क्रू मोडेल. हँडब्रेक इलेक्ट्रिक असेल तर आधी सर्व्हिस मोड, म्हणजे दुरुस्तीसाठी हँडब्रेकची मोटर मागे घेणारी सोय, लावावा लागतो.

प्रश्न : पॅड एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ झालाय. कारण काय?

उत्तर : चाक फिरताना पॅडचं जे टोक डिस्कला आधी भेटतं ते किंचित जास्त झिजतं, तेवढं चालतं. उतार डोळ्याला सहज दिसत असेल तर एकच पीन अडकून कॅलिपर तिरका होतोय, किंवा पिनेचं भोक झिजून तो डुलतोय.

प्रश्न : संपलेला पॅड तेवढाच बदलला तर?

उत्तर : चालणार नाही. एका अॅक्सलचे चारही पॅड एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढेल. पॅड पत्र्यापर्यंत गेला असेल तर डिस्कवर चरे पडलेच असतील. मायक्रोमीटरने चार-पाच ठिकाणी जाडी मोजा. कमीत कमी जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते, त्याखाली गेली तर डाव्या-उजव्या दोन्ही डिस्क बदला. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि त्याच पाण्याने पिस्टन गंजतो, म्हणून ते दोन वर्षांनी बदलत जा. निपल उघडलं होतं, तेव्हा शेवटी हवा काढणं आलंच. चाक बसवल्यावर पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा, मगच गाडी हलवा.