तुमचे प्रश्न : लाखांचे स्पीकर आणि आपली शहाबादी फरशी

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पुण्यातला मुलगा म्हणतो, मुंबईत एका मोठ्या हॉटेलात महागड्या ऑडिओचं प्रदर्शन भरतंय, दोघं जाऊ. तिथल्या एकेका स्पीकरच्या जोडीत आमचं घर विकत येईल म्हणे. घ्यायचं काहीच नाही, तर आत कोणत्या तोंडानं जायचं? साठी ओलांडलेल्या कानांना त्यातलं काय कळणार? आणि वडिलांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या घरात आहेत, हिराबाई बडोदेकर, बालगंधर्व. सोबत नेल्या तर वाजवून दाखवतील का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : गुरुजी, खुशाल जा. तिथं येणाऱ्या बहुतेकांना काहीच घ्यायचं नसतं, आणि दारात उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसाला ते पक्कं ठाऊक असतं. तरी तो खुर्ची देतो. जर्मनीतलं 'हाय एंड' हे या धंद्यातलं मोठं प्रदर्शन २००४ पासून २०२५ पर्यंत म्युनिकला भरत होतं. तिथंही लोक असेच या खोलीतून त्या खोलीत ऐकत हिंडायचे.

आधी कानांचं. वय वाढतं तसे अगदी वरचे सूर ऐकू येईनासे होतात, हे खरं. पण पियानोची शेवटची, सगळ्यात उंच पट्टीसुद्धा ४,१८६ हर्ट्‌झवर संपते. माणसाचा गळा, पेटी, पखवाज यांचा बहुतेक सगळा ऐवज त्याच्या खालीच असतो. शिवाय तुम्ही परभणीचे. सप्ताहात पखवाजाच्या शेजारी बसून जे कान तयार झाले, ते पंचविशीतल्या हेडफोनवाल्यापेक्षा पारखी असायचे. तुम्हाला खरा आवाज माहीत आहे, हे मोठं भांडवल.

म्हणूनच गाणी घरून न्या. प्रदर्शनात दिवसभर तीच तीच गाणी वाजतात. बाईचा हळुवार गळा, एक गिटार, मध्येच ड्रमचा दणका. ती निवडलेलीच अशी असतात की कुठल्याही स्पीकरवर गोड लागावीत. मुलाला सांगा, पेन ड्राइव्हवर एफएलएसी, म्हणजे आवाजातलं काही न गाळता साठवलेल्या फाइली घे, एमपीथ्री नको. त्यात तीन गोष्टी असू द्या. पहिली, नुसता तानपुरा. जवारी (तारेखालच्या घोडीची घडण) नीट लागलेल्या तारेतून जे बारीक स्वर झिरपत राहतात, ते स्पीकरमधून वेगवेगळे ऐकू येतात की नुसता गुंजारव होतो, ते बघा. दुसरी, पखवाज. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावलेली असते, तिच्यावर हात पडला की आवाज भरदार उठतो आणि लगेच दाबताही येतो. चांगल्या यंत्रावर तो हात थांबलेला कळतो. वाईट यंत्रावर नुसता घुमारा मागे उरतो. तिसरी, टाळांचा गजर. शेकड्यांनी स्पीकर या परीक्षेत नापास होतात. टाळ वाजत नाहीत, पत्रा खरवडल्यासारखा आवाज येतो.

स्टॉलवाल्याला सरळ म्हणा, "आमचं एक दोन मिनिटं लावता का?" बहुतेक जण लावतात, सकाळी गर्दी नसताना तर हौसेनं. एखाद्यानं नाक मुरडलंच तर पुढची खोली आहेच. बसायला मधली खुर्ची मिळेपर्यंत थांबा. कडेला बसून मत बनवू नका, जवळचा स्पीकर सगळं ओढून घेतो. आणि आवाज कमी करायला सांगा. दोन स्पीकरांत जो किंचित मोठ्यानं वाजतो तोच बरा वाटतो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे अमेरिकेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मोजून दाखवलं. विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं, म्हणून तिथं सगळं जरा चढवूनच लावलेलं असतं. घरी रात्री नऊनंतर तुम्ही ज्या आवाजात ऐकता, त्या आवाजात जे रंगतं ते खरं.

आता एक गंमत. तिथं एखाद्या खोलीत भलेमोठे भोंगे दिसतील. हॉर्न स्पीकर म्हणतात त्यांना. लोक डोळे मिटून ऐकत असतील. मी नांदेडला अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, पण तारुण्य गेलं सप्ताहाचे भोंगे लिंबाला बांधण्यात, त्यामुळे मला तिथं हसू आवरत नाही. तत्त्व तेच आहे. आपल्या भोंग्याला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण १०५ डेसिबल आवाज निघतो. घरातल्या डबा स्पीकरला तेवढ्यात ८७ च्या आसपास. मधला १८ डेसिबलचा फरक भरून काढायला साठपटीहून जास्त पॉवर लागते. म्हणून तर भोंग्यावरचा हरिपाठ शिवारापलीकडे जातो, आणि म्हणूनच तिथले शौकीन हॉर्नला ३००बी नावाच्या जुन्या, काचेच्या नळीच्या व्हॉल्व्हचा आठ वॉटचा अ‍ॅम्प जोडून खूश असतात. आपला भोंगा फक्त शब्द पोचावेत म्हणून केलेला, त्याला खर्ज नाही. त्यांनी खर्जासाठी कपाटाएवढा हॉर्न केला आणि किंमत लावली. पण गुरुजी, तो एकदा ऐकाच. गायकानं घेतलेला श्वाससुद्धा समोरून येतो.

तबकड्यांचं मात्र थांबा. ७८ ची खाच रुंद. तिला इंचाच्या हजाराव्या भागाच्या साधारण तिप्पट टोकाची सुई लागते. नंतर आलेल्या एलपी तबकडीची सुई एका भागाहूनही बारीक. ती ७८ च्या खाचेच्या तळाशी खडखडते, आणि तबकडीच्या लाखेत मिसळलेल्या भुकटीनं झिजतेही. लाख रुपयांची सुई अशी कोण झिजवू देईल? तबकडी फिरवणाऱ्या बहुतेक टर्नटेबलांना ७८ चा वेगच नसतो. शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळी खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती उचलायचे, याचा सगळ्यांनी मिळून मानलेला नियम १९५४ नंतरचा. त्याआधी ज्याचा त्याचा हिशेब वेगळा. तेव्हा तबकड्या घरीच ठेवा, उभ्या ठेवा, उन्हापासून लांब ठेवा. प्रदर्शनात एवढंच विचारा की ७८ साठी वेगळी सुई मिळणारं कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आहे का. देशी कंपन्यांचे स्टॉल असतील तर तिथं आधी जा. कोलकात्याची सोनोडाइन १९७० पासून या धंद्यात आहे. आपल्या घरांना परवडेल असं काही निघालं तर अशा ठिकाणी निघेल.

देवगिरी एक्सप्रेसनं जाणार असाल तर सकाळी उतरल्या उतरल्या हॉटेल गाठू नका. रात्रभर डब्याचा खडखडाट ऐकलेले कान थकलेले असतात. नाश्ता करा, तासभर गप्प बसा.

प्रश्न : प्रदर्शनात ऐकून स्पीकर घेतले. तिथं जीव टाकावा असा आवाज, घरी आणले तर डब्यात दगड वाजवल्यासारखा. खोली १२ बाय १२, उंची १० फूट, वर स्लॅब, खाली शहाबादी. दुकानदार म्हणतो, वायर बदला.
— एक वाचक, बीड

उत्तर : वायरीचे पैसे खिशातच ठेवा. तुमची खोली चौरस आहे, सगळं दुखणं तिथं. १२ फूट अंतरात ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर भिंतीभिंतीत अडकून फुगतो, आणि लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे दोन्हीकडून एकाच सुराला जोर मिळतो. त्यात फरशी, स्लॅब, सिमेंटचा गिलावा, सगळंच टणक. खोलीत उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागे 'टर्रर्र' असा झणका आला तर तो तुमचा दुसरा शत्रू.

स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा. स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसू नका, आणि खोलीच्या बरोबर मध्येही नको. खाली जाड सतरंजी अंथरा, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीला पुस्तकांचं उघडं कपाट लावा. झणका गेला असेल. खर्ज मात्र सतरंजीनं हटत नाही, त्याला जाडी लागते. कोपऱ्यांत कापसाच्या गाद्या गुंडाळून उभ्या करा. पाहुणे आले की काढता येतात, आणि घरातल्या बाईंची परवानगी मिळवणं हा वेगळा विषय. गावाकडे मातीच्या भिंतींचं, लाकडी माळवदाचं घर अजून उभं असेल तर एकदा हेच स्पीकर तिथं नेऊन लावा. ओबडधोबड भिंती आणि लाकूड आवाजाला भलते मानवतात.

प्रदर्शनात ज्यांनी तुम्हाला ऐकवलं, त्यांनी आदल्या दिवशी खोलीतला पलंग हलवून, पडदे ओढून, स्पीकर वीतवीत सरकवत रात्र काढलेली असते. तुम्ही रात्र नको, एक रविवार द्या.

प्रश्न : व्हॉल्व्हचा क्लास ए अ‍ॅम्प बघून भुरळ पडली आहे. लातूरच्या उन्हाळ्यात चालेल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : चालेल, तुम्हाला चालेल का ते बघा. क्लास ए गाणं लागलेलं असो नसो, सारखी वीज खातो, आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त उष्णता होऊनच बाहेर पडते. मे महिन्यात ४२ अंशांना शेजारी शेगडी पेटवून बसायची तयारी हवी. क्लास डी हा दुसरा प्रकार गार राहतो, हल्ली चांगला वाजतोही. घ्यायचाच असेल तर आधी वायरमन बोलावून घराचं अर्थिंग तपासा. आपल्याकडे कित्येक घरांत तिसरी पिन नावापुरतीच असते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये शेकडो व्होल्ट खेळतात, तिथं हा खेळ नको. आणि व्होल्टेज वरखाली होत असेल तर स्टॅबिलायझर अ‍ॅम्पच्या आधी घ्या, नंतर नाही.