वाचकांचे प्रश्न : आटलेल्या विहिरीची कथा

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील एका खेड्यात शिक्षक आहे. सोबत पाठवलेल्या माझ्या कथेतील माणूस रोज रात्री आटलेल्या विहिरीच्या कठड्यावर बसतो, आत खडा टाकतो आणि तो वाजेपर्यंत आकडे मोजतो. आईने वही वाचली आणि म्हणाली, ‘लेकरा, असं अभद्र लिहू नये.’ मनोविश्लेषक फ्रॉइडने सांगितलेली मृत्युप्रेरणा ती हीच का? अशा लेखनात उतरावे का?

उत्तर : उतरावे, असे मला मनापासून वाटते, मात्र मृत्युप्रेरणा म्हणजे मरणाची इच्छा नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक स्वप्नात पुन्हा पुन्हा त्याच भयंकर क्षणी का जातात, या कोड्याचा माग काढताना फ्रॉइड १९२० सालच्या आपल्या ग्रंथात या कल्पनेपर्यंत आला की, सजीवाला निर्जीवाच्या निश्चलतेकडे परतण्याची मुळातच ओढ असते. त्याच ग्रंथात त्याने आपल्या दीड वर्षांच्या नातवाचा खेळ नोंदवला आहे : मूल दोरा बांधलेले लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकी आणि दोरा ओढून परत आणी. आईचे जाणे आणि येणे फ्रॉइडला त्यात दिसले.

आपला खडा या रिळाच्या फार जवळचा आहे, फक्त त्याला दोरा नाही. कथेचे सारे बळ मला तिथेच जाणवते. कवितेत ध्रुवपद दोऱ्याचे काम करते, गेलेले परत आणते. कथेत ती सोय नसल्याने परतणे कृतीतूनच दिसायला हवे : काल खडा कितव्या आकड्यावर वाजला, आज कितव्यावर. शेवटच्या दोन परिच्छेदांत नायक कर्ज आणि नापिकी सांगू लागतो, तेवढे काढून टाकावे. मराठवाड्यातल्या वाचकाला ते सांगावे लागत नाही, आणि कारण हाती आले की त्या ओढीचे गूढ विझते.

मरणाचा उच्चारच अभद्र असता, तर ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ हा तुकोबांचा अभंग आपण गायलो नसतो. तरीही आईंची काळजी मी हलकी मानत नाही. लिहिता लिहिता आपल्यालाच त्या कठड्यावर जाऊन बसावेसे वाटू लागले, तर वही मिटून त्याच दिवशी घरच्यांशी बोलावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

एरवी आईंना जवळ बसवून कथा वाचून दाखवा आणि त्या नव्याने सासरी आल्या तेव्हा गावातल्या विहिरींचे पाणी किती परसांवर, म्हणजे किती पुरुष खोलीवर, होते, ते विचारा. तो आकडा कथेत यायला हवा.