लहान शहराची शताब्दी लोकांना आपली कशी वाटेल?

आपल्या नगरपालिकेला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत, मिरवणूक, सत्कार आणि स्मरणिका असा कार्यक्रम ठरला आहे, तरीही गावात उत्साह दिसत नाही. अशा वेळी काय करावे आणि गोव्यातल्या लहान शहरांचा अनुभव काय सांगतो, असे आपण विचारले आहे. मी वास्कोचा रहिवासी आहे, त्यामुळे माझे उत्तर वास्कोकडे झुकणार, हे आधीच सांगून ठेवतो.

सर्वप्रथम तारखेचा प्रश्न. पणजीला शहराचा दर्जा 22 मार्च 1843 रोजी पोर्तुगालची राणी मारिया दुसरी हिच्या फर्मानाने मिळाला. त्या दर्जाची शंभरी 1943 साली आली, तेव्हा गोव्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट होती आणि जाहीर सभांवर बंधने होती. तीन वर्षांनी, 18 जून 1946 रोजी, डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात आंदोलन केले ते याच बंधनांविरुद्ध. ज्या शहराने नागरिकाला बोलू दिले नाही, त्या शहराच्या दर्जाचा अभिमान नागरिकाने का बाळगावा? आपल्या नगरपालिकेची गोष्ट इतकी टोकाची नसेल, तरी सरकारी कागदावरची तारीख आणि लोकांच्या आठवणीतला आरंभ या दोन गोष्टी बहुधा वेगळ्या असतात, आणि उत्साहाच्या अभावाचे एक कारण मला तेथेच दिसते.

आता वास्कोचे उदाहरण घ्या. हे शहर गोव्याच्या मानाने नवे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगाव बंदर आणि रेल्वे आली, तिच्यामागून व्यापारी, कारागीर, हमाल आणि कारकून आले, आणि वस्ती वाढत गेली. त्याच काळात येथे साथीचा रोग पसरला. परंपरेने सांगितले जाते ते असे, की त्रस्त लोकांनी झांबावलीच्या श्री दामोदराकडे धाव घेतली, तेथून प्रसादाचे श्रीफळ आणले, त्याची स्थापना करून अखंड भजन केले आणि साथ ओसरली. साथ भजनाने ओसरली की आपल्या क्रमाने, हा वाद मी येथे घालणार नाही. महत्त्वाचे हे, की तो नवस शहराने शंभराहून अधिक वर्षे सोडलेला नाही; हाच वास्कोचा सप्ताह. दर श्रावणात दामोदर मंदिरात नवे श्रीफळ ठेवले जाते, चोवीस तास भजन चालते, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या वर्षीचे श्रीफळ खारीवाड्याच्या समुद्रात विसर्जित होते. भजन एका मंडळाच्या आवाक्यातले नसते. पथके पाळीपाळीने येतात, आणि पहाटेच्या आडवेळी कोणीतरी झांज हातात घ्यावीच लागते.

रात्री वेगवेगळे समाज आणि व्यावसायिक आपापले ‘पार’, म्हणजे मिरवणुका, वाजतगाजत आणतात. बाजारकर, दैवज्ञ, नाभिक, विश्वकर्मा अशी त्यांची ओळख आहे. पौराणिक देखावे असतात आणि गायनाच्या बैठका रंगतात. गोव्याच्या जुन्या गावांत उत्सवातला मान गावकरांच्या, म्हणजे मूळ वसाहतकऱ्यांच्या, वांगडांच्या (घराण्यांच्या) क्रमाने ठरतो, त्यामुळे बाहेरून आलेला माणूस तीन पिढ्या राहिला तरी पाहुणाच राहू शकतो. वास्कोत मूळ घराण्यांच्या त्या क्रमाऐवजी धंद्याला आणि समाजाला जागा मिळाली. यात जात नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, ती आहेच. तरीही बंदराच्या निमित्ताने आलेल्या माणसाला येथे काहीतरी काम मिळाले, आणि मला वाटते, अभिमान त्या कामातून उपजतो.

म्हणून माझी सूचना अशी, की सत्कारांची यादी लांबवण्याऐवजी कामांची वाटणी करावी. मासळी बाजाराने एक दिवस, रिक्षाचालकांनी एक दिवस, शाळांनी एक दिवस सांभाळावा. खर्च त्यांनी जमवावा आणि कार्यक्रमही त्यांनीच ठरवावा. नगरपालिकेने मैदान, पाणी, वीज आणि स्वच्छता पुरवून बाजूला राहावे. निवडून आलेल्या मंडळींना हे कठीण जाते, याची मला कल्पना आहे.

पैशाबाबतही एक जुना धडा आहे. पणजीत 1908 मध्ये मुष्टिफंड ही संस्था उभी राहिली, ती घराघरांतून मूठ मूठ तांदूळ गोळा करून मराठी शिक्षणाची सोय करण्यासाठी. पुढे 1910 मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, हिंदूंना नागरी समानता मिळाली, आणि 1911 च्या सुमारास फोंड्यात गोवा विद्याप्रसारक मंडळ व मडगावात गोमंत विद्या निकेतन यांसारख्या संस्था स्थापन झाल्या. एका मोठ्या देणगीदाराने शताब्दीचा सारा खर्च उचलला तर हिशेब सोपा होईल, पण ज्याच्या घरातून काही गेले नाही तो प्रेक्षक म्हणूनच येईल. थोडी का होईना, प्रत्येक घराची वर्गणी घ्यावी, आणि तिचा हिशेब चौकात लावावा.

ख्रिस्ती समाजाच्या फेस्तांमध्येही, म्हणजे चर्चच्या उत्सवांतही, दरवर्षी एक प्रेझिदेंत (यजमान) जबाबदारी घेतो व ती पुढे फिरत राहते. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला हिंदू भाविक तेल वाहतात. आपल्या गावात अनेक धर्मांचे लोक असतील, तर त्यांना व्यासपीठावर एकेक खुर्ची देऊन भागवू नये.

एक इशारा मात्र अवश्य देतो. वास्कोच्या सप्ताहाबरोबर येणारी फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, ही मुलांची हौस आणि खाज्यांचा सुगंध असली, तरी तिच्यामुळे रस्ते अडतात, दुकानदार कुरकुरतात आणि कचऱ्याचे ढीग साचतात. दुकानांच्या जागा, फेरीचे दिवस आणि शेवटच्या दिवसाची साफसफाई यांचा निर्णय आधी लेखी करून घ्यावा.

राहिली स्मरणिका. आमदार-मंत्र्यांच्या शुभेच्छा दोन पानांत आटोपाव्यात आणि उरलेल्या पानांवर नगरपालिकेचे जुने ठराव छापावेत: पहिला नळ कोणत्या वाड्यात गेला, दिवे कधी लागले, कोणत्या वाड्याची मागणी किती वर्षे फेटाळली गेली. या शेवटच्या प्रकरणावर काही सदस्य हरकत घेतील. ते वगळू नये.