सीमाभागाची बोली आणि वाचाविज्ञानाचा अभ्यास : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञाची उत्तरे

वाचा, भाषा आणि श्रवण यांच्या अभ्यासाविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून आलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. ते थोडक्यात दिले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील विद्यार्थिनी आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले आणि यंदा बारावी सायन्सला आहे. स्पीच थेरपीचे शिक्षण कोठे मिळते आणि आतापासून काय वाचावे? इंग्रजीची फार भीती वाटते.

या क्षेत्रातील पदवीला बी.ए.एस.एल.पी. (बॅचलर ऑफ ऑडिऑलॉजी अँड स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे श्रवण व वाचा-भाषाविकारांची पदवी) म्हणतात. अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे असते. १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय हा व्यवसाय करता येत नाही, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षी कॉलेजला परिषदेची मान्यता आहे की नाही, हे परिषदेच्या यादीत स्वतः पाहून घ्यावे. आपल्याला सर्वांत जवळची संस्था म्हणजे धारवाडची जे.एस.एस. वाक् व श्रवण संस्था. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून काम करते आहे आणि तिचे ग्रंथालय या विषयातील देशातल्या उत्तम ग्रंथालयांपैकी एक आहे. महाराष्ट्रात जायचे असेल तर मुंबईत वांद्रे येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे आणि पुण्यात भारती विद्यापीठातही हा अभ्यासक्रम चालतो.

आता वाचनाविषयी. जीवशास्त्रातील कानाची रचना आणि पदार्थविज्ञानातील ध्वनिलहरी हे दोन धडे परीक्षेपुरते न वाचता मनापासून वाचा, कारण पहिल्या वर्षाचा बराचसा भार याच दोन खांबांवर उभा असतो. तिसरी गोष्ट तुम्हाला पहिलीपासून पाठ आहे. आपली वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी उच्चारस्थानांनुसार मांडलेली असून प्रत्येक वर्गात अल्पप्राण-महाप्राण आणि अघोष-घोष यांचा क्रम ठरलेला आहे. ध्वनिविज्ञानाच्या वर्गात इंग्रजी माध्यमाच्या मुलांना जो तक्ता नव्याने पाठ करावा लागतो, त्याचा सांगाडा तुमच्या तोंडी आहे. इंग्रजी संज्ञांसाठी एक वही करा आणि प्रत्येक संज्ञेपुढे मराठीतून एक ओळ स्पष्टीकरण लिहा. पुढे रुग्णाच्या आईला तीच ओळ सांगावी लागणार आहे. कन्नडही शिकून घ्या, कारण धारवाड असो वा म्हैसूर, क्लिनिकमध्ये ती रोज लागेल.

प्रश्न : मी बेळगाव तालुक्यातील मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दुसरीतील एक मुलगा ‘भाकरी’ला ‘बाकरी’ आणि ‘बस’ला ‘बस्सु’ म्हणतो. त्याच्या घरी कन्नड बोलतात. काही मुली ‘मी आले’ न म्हणता ‘मी आलो’ म्हणतात. हा वाचादोष समजावा का? मराठी मुलांसाठी प्रमाण चाचणी मिळेल का?

बाई, तुम्ही विचारलेला प्रश्न सीमाभागातील या साऱ्या अभ्यासाच्या मुळाशी आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देतो.

बोलीतला फरक आणि वाचादोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलीभाषेतील कन्नडमध्ये महाप्राण व्यंजने पुष्कळदा अल्पप्राणासारखी उच्चारली जातात आणि शब्द बहुधा स्वरांत संपतात. उसन्या शब्दालाही शेवटी स्वर जोडला जातो, म्हणून ‘बस’चे ‘बस्सु’ होते. ज्या मुलाचे कान घरात हेच ऐकतात, त्याने मराठीतही तसेच बोलावे यात दोष नाही. त्याने घरची भाषा नीट आत्मसात केली, एवढाच त्याचा अर्थ आहे. मुलींचे ‘मी आलो’ तर निव्वळ बोलीतले आहे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका आयुष्यभर ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. ‘काय करूलालास?’ (काय करतो आहेस?) हे आपले रोजचे वाक्य आहे. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीवर बेतलेल्या चाचणीत ‘करतो आहे’ एवढेच उत्तर बरोबर धरले, तर आपले निरोगी मूल दुबळे ठरेल. ही चूक मुलाच्या कपाळी कायमची चिकटते, म्हणून मी ती लहान मानत नाही.

याला शास्त्रीय आधारही आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावच्या भाषांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तेथे मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्यामुळे त्यांची वाक्यरचना एकमेकींच्या इतकी जवळ आली की बहुतेक फरक शब्दांपुरताच उरला, असे त्यांना आढळले. कुपवाडच्या मराठीत निर्जीव वस्तूंचे लिंग कन्नडप्रमाणे नपुंसकलिंगाकडे झुकले होते. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत आजही हा निबंध वाचला जातो, आणि ते गाव आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले आहे.

मग दोष ओळखायचा कसा? भाषाविकार असला तर तो मुलाच्या दोन्ही भाषांत दिसतो. म्हणून त्याच्या आईला विचारा की घरी कन्नडमधले त्याचे बोलणे घरच्यांना कळते का, पहिले शब्द भावंडांच्या मानाने फार उशिरा आले का, सांगितलेले काम तो समजून करतो का. कन्नड स्वच्छ असेल आणि केवळ मराठीतच हे फरक दिसत असतील, तर चिंता नको. दोन्हीकडे अडचण असेल, किंवा कान वाहतो, हाक दिल्यावर तो वळत नाही, असे काही असेल, तर सर्वप्रथम श्रवणाची तपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि त्याचे पथक शाळेतही येते. त्या दिवशी या मुलाचे नाव आवर्जून पुढे करा. घरी कन्नड बोलणे बंद करा, असे मात्र पालकांना कधीही सांगू नका. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते किंवा तोतरे होते, या समजाला आधार नाही.

चाचणीबद्दल सांगायचे तर मराठीत तयार केलेली चाचणी वापरता येते. पण तिचे गुण म्हणजे निकाल नव्हे. तुमच्याच वर्गातील, त्याच वस्तीतील, त्याच वयाची पाच-सहा मुले तेच शब्द कसे उच्चारतात हे आधी लिहून काढा आणि या मुलाची तुलना त्यांच्याशी करा. इंग्रजी चाचणीचे केलेले भाषांतर मात्र वापरू नये. इंग्रजीत ळ नाही, ण हा स्वतंत्र वर्ण नाही, आणि ‘चमचा’तला च व ‘चहा’तला च यांतला फरकही नाही, मग ती चाचणी ते तपासणार कसे?

प्रश्न : मी निपाणीचा असून एका खासगी कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. मराठी-कन्नड द्वैभाषिक मुलांवर प्रकल्प करायचा आहे. शोधनिबंध पाहायला गेले की पैसे मागतात. विनामूल्य काय मिळेल?

पुष्कळ मिळेल, मात्र शोधण्याची रीत हवी. पबमेड या वैद्यकीय शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत सारांश विनामूल्य वाचता येतात आणि पबमेड सेंट्रलमध्ये पूर्ण निबंध मिळतात. उपचारांचा पुरावा पाहायचा असेल तर सिडनी विद्यापीठातून सुरू झालेला स्पीचबाइट हा संग्रह खास आपल्याच विषयाचा आहे. मुलांच्या बोलण्याच्या लिखित नोंदी पाहायच्या असतील तर १९८४ मध्ये ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी सुरू केलेला चाइल्ड्‌स हा संग्रह पाहा. संवाद कसा उतरवून घ्यायचा, याचे त्यातील नियम शिकण्यासारखे आहेत.

परंतु तुमच्या विषयाचे खरे भांडार देशातच आहे. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असतात. म्हैसूरच्या संस्थेतील प्रबंध तेथे संस्थेच्या नावाने शोधून हाती लागले नाहीत तर म्हैसूर विद्यापीठाच्या नावाखाली पाहा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध मात्र शोधगंगेवर येत नाहीत. त्यांच्यासाठी म्हैसूरच्या संस्थेचा स्वतःचा डिजिटल संग्रह चाळावा लागतो, आणि कन्नड व द्वैभाषिक मुलांवरचे काम बरेचसे तेथेच आहे. त्याच शहरात भारतीय भाषा संस्थान आहे, जे १९६९ मध्ये स्थापन झाले. तेथे मराठी आणि कन्नड दोन्हींच्या ध्वनिमुद्रणांचे संकलन झाले आहे. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेसाठी भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांच्यापासून सुरुवात करा. त्यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्या ध्वनिविचारावर आणि पदविचारावर प्रबंध लिहिला होता.

शोधताना शब्दांकडे नीट लक्ष द्या, कारण या शास्त्रात संज्ञा बदलत राहतात. मुलांच्या भाषाविकाराला पूर्वी ‘स्पेसिफिक लँग्वेज इम्पेअरमेंट’ म्हणत. डॉरोथी बिशप यांच्या पुढाकाराने तज्ज्ञांची सहमती झाल्यावर, २०१७ पासून, ‘डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर’ ही संज्ञा रुळली. दोन्ही टाकून पाहिले नाही तर निम्मे साहित्य हातातून निसटते. तोतरेपणाला अमेरिकन लेखक ‘स्टटरिंग’ म्हणतात, ब्रिटिश ‘स्टॅमरिंग’. आपल्या शहराचे इंग्रजी स्पेलिंगही १ नोव्हेंबर २०१४ रोजी बदलले, म्हणून जुने निबंध ‘बेलगाम’ या नावाने शोधावे लागतात.

केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू केली. तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तिच्यात आहेत, पण तिचा लाभ सरकारी संस्थांना मिळतो. तुमचे कॉलेज खासगी असल्यामुळे सरकारी विद्यापीठातील एखाद्या प्राध्यापकांशी संपर्क ठेवणे उपयोगाचे ठरेल. याहून सोपा मार्ग म्हणजे निबंधाच्या लेखकाला ई-मेल पाठवणे. आपण कोण, प्रकल्प कोणता आणि कोणता निबंध हवा, हे चार ओळींत विनयाने लिहिले तर बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात.

प्रश्न : वडिलांना पक्षाघात झाल्यापासून बोलता येत नाही. हरिपाठ मात्र सलग म्हणतात, पण पाणी मागता येत नाही. ते घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलत असत. सराव कोणत्या भाषेत करून घ्यावा?

याला वाचाघात (इंग्रजीत अफेजिया) म्हणतात. मेंदूच्या, बहुधा डाव्या, भागाला इजा झाल्याने तो होतो. आयुष्यभर पाठ असलेले अभंग, आरत्या, अंकगणना हे बोलणे आपोआप येते. मनातली गोष्ट शब्दांत मांडणे ही निराळी क्रिया आहे. ते मुद्दाम बोलत नाहीत, असा समज घरात कोणाचाही होऊ देऊ नका. द्वैभाषिक रुग्णांत दोन्ही भाषा बरोबरीने सुधारण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळते. म्हणून ज्या भाषेत त्यांच्याशी दिवसभर बोलणारी माणसे अधिक आहेत, त्या भाषेपासून सुरुवात करावी आणि दुसरी बंद करू नये. सराव स्पीच थेरपिस्टनी तपासून आखून दिलेलाच करावा. इंटरनेटवरच्या व्हिडिओतले ओठांचे आणि जिभेचे व्यायाम वाचाघातावर उपाय नव्हेत, कारण यात अडचण स्नायूंची नसून भाषेची असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत वाचाघाताने आलेले कायमचे वाचा-भाषा दिव्यांगत्वही समाविष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

प्रश्न : प्रकल्पासाठी मुलांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड केले तर चालेल का?

चालेल, पण ध्वनी न दाबता वेव्ह स्वरूपात साठवणारे ॲप वापरा, पंखा बंद ठेवा आणि मोबाइल तोंडापासून रोज सारख्याच अंतरावर ठेवा. विश्लेषणासाठी ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेली प्राट ही आज्ञावली विनामूल्य मिळते. पालकांची लेखी संमती त्यांना वाचता येईल अशा भाषेत, म्हणजे गरजेनुसार मराठीत किंवा कन्नडमध्ये, घ्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी आणि त्यापुढील वयाच्या मुलांची लेखी सहमतीही आवश्यक असते. पालकांनी सही केली असली, तरी मुलाने मान हलवून नको म्हटले तर त्या दिवशी रेकॉर्डिंग करू नये.