ओढणीवर शब्द भरण्याआधी

अगं, हिजाबवर 'माझी मर्जी' असं भरतकाम करून विकायचंय म्हणालीस. कर की, पण आधी कापड बघ. जॉर्जेट घसरतं, मोर्चात उभं राहून सारखी पिन कोण सावरणार? होजिअरी डोक्यावर नीट बसते, पण ती ताणते, टाके आवळतात. मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लाव.

अरबी अक्षरं नुसती देखणी म्हणून छापू नकोस. फेब्रुवारी २०२४ मध्ये लाहोरच्या बाजारात एका बाईच्या कपड्यांवर 'हलवा' (आपला खायचा नव्हे, अरबीत गोड, सुंदर) असा शब्द होता. लोकांना ती कुराणातली आयत वाटली, जमाव जमला, शेवटी पोलिसांनी तिला बाहेर काढलं. मी तर मराठीतच भरते. लोकलमध्ये शेजारची बाई वाचते आणि बोलायला लागते, तेच तर हवंय.

ब्रँडने बोलावलं तर हुरळून जाऊ नकोस. केनियातल्या निर्वासित छावणीत जन्मलेली हलीमा एडन २०१६ साली मिस मिनेसोटा यूएसए स्पर्धेत हिजाब घालून उतरली, पुढे मोठी मॉडेल झाली. पण हिजाबचं रूप हळूहळू बदलत गेलं, एकदा तर डोक्याला जीन्स गुंडाळली गेली. २०२० मध्ये तिने ते काम सोडलं. डोक्यावर काय असेल, कपडे कुठे बदलायचे, सगळं लेखी घे.

आणि नमुना दोनदा धू. माझ्या पहिल्या पंधरा ओढण्यांवर लाल धाग्याचा रंग उतरला होता. अजून कपाटात पडून आहेत.