वाचकांचे प्रश्न : चाळीस की सेहेचाळीस?

प्रश्न : आमच्या कचेरीतील वसईच्या एक ख्रिस्ती सहकारी फेब्रुवारीत एके दिवशी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आल्या आणि आजपासून आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ, असे म्हणाल्या. दिनदर्शिकेवर मोजले, तर ईस्टरपर्यंत ४६ दिवस भरले. हे कसे? आणि ती राख कशाची असते?

उत्तर : आपली मोजणी बरोबर आहे आणि त्यांचे म्हणणेही. कपाळावर राख लावण्याच्या त्या दिवसापासून, म्हणजे राखेच्या बुधवारापासून, ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. मात्र त्यांत सहा रविवार येतात आणि प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस मानला जात असल्याने तो उपवासाच्या हिशेबात धरत नाहीत. चाळीस हा आकडा येशूने अरण्यात केलेल्या उपवासावरून आला. गंमत अशी, की रोममध्ये हा काळ पूर्वी रविवारीच सुरू होई आणि सहा आठवड्यांत उपवासाचे दिवस ३६च भरत. उरलेले चार भरून काढण्यासाठी आरंभ मागे सरकवून बुधवारवर आणला गेला. इटलीतील मिलानच्या आंब्रोझियन उपासनाविधीने, म्हणजे तिथल्या कॅथलिकांच्या स्वतंत्र उपासना-परंपरेने, हा बदल स्वीकारला नाही, तर केरळातील सिरो-मलबार कॅथलिकांचा उपवासकाळ सोमवारी सुरू होतो.

राख असते ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची. वर्षभर घरातल्या क्रूसामागे खोचून ठेवलेली ती वाळकी पाती चर्चमध्ये परत आणून जाळतात आणि राख चाळून घेतात. धर्मगुरू तिच्यात अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि तू माती आहेस व मातीलाच मिळशील, या आशयाचे वचन उच्चारतात. इटलीत हीच राख डोक्यावर भुरभुरवतात.

त्या दिवशी १८ ते ५९ वर्षांच्या कॅथलिकांनी एकदाच पोटभर जेवायचे असते, शिवाय दोन वेळा थोडेसे खाता येते. मांस चौदाव्या वर्षापासून वर्ज्य, मासे मात्र चालतात. मटण टाळून पापलेटावर ताव मारल्यास नियम मोडत नाही, उपवासाचा हेतू तेवढा बाजूला राहतो. गोव्यातील कार्निव्हल, म्हणजे इंत्रूज, आदल्या मंगळवारी आटोपतो तोही याच बुधवारमुळे.

या दिवशी मिस्साला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, जाण्याची सक्ती नाही, तरी चर्च भरलेले असते. राख पुसावी की ठेवावी, यालाही नियम नाही. पुष्कळजण ती आपोआप जाईपर्यंत राहू देतात, म्हणून ती आपल्याला कचेरीत दिसली.