सूचना ऐकू येते, पण कळत नाही

प्रश्न : पालख्यांच्या पुणे मुक्कामात भवानी पेठेत आमचे मदत केंद्र असते. चुकामूक झालेल्या वारकऱ्यांची नावे आम्ही ध्वनिक्षेपकावरून पुकारतो. मंडपाच्या दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर असून आवाजही भरपूर असतो, तरी थोड्या अंतरावरच्या लोकांना शब्द कळत नाहीत. याहून मोठी यंत्रणा मागवावी काय?
— एक स्वयंसेवक, पुणे

उत्तर : मोठी यंत्रणा मागवू नये, आहे तो आवाज ऐकणाऱ्यांच्या जवळ न्यावा. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे स्पीकरपासून 2 मीटरवर 95 डेसिबल असलेला आवाज 32 मीटरवर साधारण 71 डेसिबलच उरतो आणि टाळमृदंग, वाहनांचे हॉर्न व विक्रेत्यांच्या आरोळ्या यांत बुडून जातो. शब्द सहज कळायचे असतील, तर सूचना भोवतालच्या गोंगाटापेक्षा 10 ते 15 डेसिबल वर असावी लागते. डेसिबलचा हा फरक मोठ्या स्पीकरने गाठू गेल्यास त्याच्यासमोर टेकलेल्या, दिवसभर चालून आलेल्या वृद्धांचे कान किटतात आणि पलीकडच्या चौकात शब्द पोचत नाहीत ते नाहीतच.

त्याऐवजी दर 10-12 मीटरवर खांबाला लहान भोंगे बांधावेत, त्यांची तोंडे गर्दीकडे झुकवावीत आणि प्रत्येकाचा आवाज बेताचा ठेवावा. एवढ्या लांब तारेसाठी 100 व्होल्ट लाइनचा (लांब तारेतही आवाजाची शक्ती फारशी वाया न जाऊ देणारा) अ‍ॅम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर बसवलेले भोंगे मागावेत. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन मोठ्या स्पीकरांचा आणखी एक उपद्रव आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. ऐकणाऱ्यापासून दोन्हींच्या अंतरात 17 मीटरांचा फरक पडला, तर दुसरा आवाज 50 मिलिसेकंद उशिरा येतो आणि एकच शब्द दोनदा ऐकू येऊ लागतो. पेठेतल्या इमारतींच्या भिंती त्यात आपली भर घालतात. मिक्सरवरचे ‘एको’चे बटण गाण्यासाठी चालू ठेवलेले असते, सूचनेपूर्वी ते अवश्य बंद करावे.

शांतता मिळत असेल, तर ती आधी मिळवावी. वारीत समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात, टाळमृदंग थांबतात आणि मगच हरवल्या-सापडल्याची माहिती सांगितली जाते. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने यापेक्षा उत्तम व्यवस्था मला ठाऊक नाही. आपल्या केंद्राजवळ भजन चालू असेल, तर अभंग संपेपर्यंत थांबण्याचे ठरवून घ्यावे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर त्याच्या वापराला एरवी मनाई आहे; त्या वेळेसाठी केंद्राबाहेर मोठ्या अक्षरांचा फळा ठेवावा. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांना तो दिवसाही उपयोगी पडेल.

प्रश्न : सूचना देणाऱ्याचा आवाज भारदस्त असावा, असे आमचे ज्येष्ठ सांगतात. ते कितपत खरे आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भारदस्तपणा सभेत शोभतो, गोंगाटात तो आड येतो. आवाजाचे बळ मुख्यतः स्वरांत आणि खालच्या पट्टीत असते. एक शब्द दुसऱ्यापासून वेगळा ओळखू येतो तो बव्हंशी व्यंजनांमुळे, आणि त्यांच्या खुणा विशेषतः 2 ते 4 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तेवढी वाढत नाहीत. म्हणून मिक्सरवरचा बास उतरवावा, माइक ओठांपासून चार बोटे दूर व किंचित बाजूला धरावा आणि त्याची जाळी मुठीत झाकू नये, नाहीतर आवाज घुमतो आणि माइक शिट्टी मारू लागतो. बोलणे नेहमीच्याच आवाजात, पण सावकाश असावे.

मजकूरही तितक्याच काळजीने बांधावा. आधी घंटीचा सूर, मग ज्यांनी ऐकायचे त्यांचा उल्लेख, मग नाव, आणि शेवटी यायचे ठिकाण. दिंडीचा क्रमांक ‘बावीस’ असा नुसता सांगितल्यास ‘बत्तीस’ किंवा ‘बावन्न’ ऐकला जातो. ‘बावीस, दोन दोन’ असे सांगून ती दिंडी रथापुढची की रथामागची, हेही जोडावे. ‘शिरूर’ पुणे जिल्ह्यात आहे तसे बीड जिल्ह्यातही आहे, म्हणून गावाबरोबर जिल्हा सांगावाच. नंतर क्षणभर थांबून तीच सूचना, एकही शब्द न बदलता, पुन्हा वाचावी.